वादळ कमजोर झाले, म्हणून नियंत्रण कक्ष बंद करू नका

प्रति,
समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतील आपत्ती व्यवस्थापन अधिकारी, धरणांवरचे अभियंते, रस्ते, वीज आणि पाणीपुरवठा खात्यांचे प्रमुख, आणि नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसणारे सर्व कर्मचारी यांस,

स. न. वि. वि.

चक्रीवादळ किनारा ओलांडते, हवामान खात्याच्या पत्रकात ‘तीव्रता घटली’ अशी ओळ येते आणि किनाऱ्यापासून तीनशे-चारशे किलोमीटर आतल्या नियंत्रण कक्षात सगळे सैलावतात. जादा बोलावलेली माणसे घरी जातात, बोटी गोदामात परत जातात, वरिष्ठांच्या बैठका थांबतात. तुमच्या जिल्ह्यातले खरे काम मात्र बहुतेक वेळा त्यानंतर सुरू होते. ‘कमजोर’ हा शब्द वाऱ्याबद्दलचा आहे. पावसाबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि आतल्या भागात माणसे दगावतात ती मुख्यतः पावसाच्या पाण्याने. म्हणून आमची मागणी एकच आहे: वादळ जमिनीवर आले की कक्षातल्या फळ्यावरची वाऱ्याची श्रेणी पुसा आणि तिथे पाण्याचे आकडे लिहा. ते आकडे कोणते, ते कसे काढायचे आणि त्यांवर काय निर्णय घ्यायचे, ते पुढे सांगत आहोत.

वादळाची श्रेणी ठरते ती फक्त त्याच्या सलग वाऱ्याच्या वेगावरून. या वाऱ्याला बळ मिळते कोमट समुद्रावरून उठणाऱ्या वाफेचे. जमिनीवर आल्यावर हा पुरवठा तुटतो, झाडे, डोंगर आणि घरे यांच्याशी घर्षण होते, आणि साधारण पहिल्या अर्ध्या दिवसात वारा निम्म्यावर येतो. वाफ मात्र हवेतच असते. अशा हवेच्या उभ्या स्तंभातले सगळे बाष्प एकदम पिळून काढले तर जमिनीवर साठ-सत्तर मिलिमीटर पाणी उभे राहील. शिवाय वादळाचे फिरणे चालू असेपर्यंत भोवतालची दमट हवा आत ओढली जाते आणि तो स्तंभ पुन्हा पुन्हा भरत राहतो. जमीन आधीच पावसाने चिंब असेल तर तिच्यावरून उठणारी वाफही त्यात भर घालते. २००७ मध्ये एरिन हे वादळ किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, अमेरिकेतील ओक्लाहोमावर आल्यावर पुन्हा जोर धरून बसले होते.

याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००१ चे ॲलिसन वादळ कधीच हरिकेनच्या, म्हणजे अमेरिकेकडच्या तीव्र चक्रीवादळाच्या, श्रेणीला पोहोचले नाही, तरी टेक्सासमध्ये त्याने एक हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडला. २०१७ चे हार्वे किनाऱ्यावर आदळले तेव्हा चौथ्या श्रेणीचे होते आणि दुसऱ्याच दिवशी साध्या उष्णकटिबंधीय वादळावर उतरले. मग ते त्याच परिसरात दिवसेंदिवस रेंगाळले आणि एका ठिकाणी १,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. ऑगस्ट १९७५ मध्ये नीना या वादळाचा उरलेला भाग चीनच्या हेनान प्रांतात, समुद्रापासून कितीतरी आत, अडून बसला. तिथे एका ठिकाणी चोवीस तासांत १,०६० मिलिमीटर पाऊस झाला आणि ८ ऑगस्टच्या पहाटे बानछ्याओ धरण फुटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांतले मृत्यू तपासले, तेव्हा थेट मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के पाण्याने झालेले निघाले. किनाऱ्यावर हे पाणी समुद्राच्या उधाणाचे असते, आत ते आभाळातून पडलेले असते.

फळ्यावर लिहायचा पहिला आकडा वादळाच्या सरकण्याच्या वेगाचा. फिरण्याचा वेग इथे कामाचा नाही. सलग दोन पत्रकांमधली वादळाच्या केंद्राची ठिकाणे नकाशावर मांडा, त्यांच्यातले अंतर मोजा आणि मधल्या तासांनी भागा. हवामान अंदाज वर्तवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. त्याला किलोमीटर-मिलिमीटरमध्ये आणले तर ४,७०० या संख्येला ताशी किलोमीटरमधल्या वेगाने भागायचे. जे उत्तर येईल तितका पाऊस, मिलिमीटरमध्ये, सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणी एकूण मिळून पडू शकतो. वादळ ताशी ३५ किलोमीटरने निघून जात असेल तर सुमारे १३५, ताशी २० ने सरकत असेल तर २३५, आणि ताशी १० वर आले तर ४७०. हा अंदाज सपाट प्रदेशापुरता आहे. डोंगराच्या वाऱ्यासमोरच्या उतारावर आकडा बराच वाढतो, आणि वादळ जागच्या जागी थांबले तर ठोकताळा लागूच पडत नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते: पत्रकात ‘तीव्रता घटली’ आणि ‘सरकण्याचा वेग मंदावला’ ही दोन वाक्ये शेजारी-शेजारी आली, तर धोका वाढलेला आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जमिनीवर आलेल्या वादळाचा पाऊस दिवसा बहुधा बाहेरच्या पट्ट्यांमध्ये विखुरलेला असतो. केंद्राजवळ उघडीपही दिसते, कधी ऊन पडते. रात्री ढगांचे माथे थंड होतात आणि केंद्राच्या आसपास पाऊस एकवटतो. संध्याकाळच्या उपग्रहचित्रात विस्कटलेले दिसणारे वादळ पहाटे दोन-तीन वाजता एका लहानशा पाणलोटावर सगळे रिते होऊ शकते. १९६९ मध्ये कॅमिल वादळ किनाऱ्यावर येऊन दोन दिवस उलटले होते आणि ते निव्वळ डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या श्रेणीखालचे कमी दाबाचे क्षेत्र, उरले होते. १९ ऑगस्टच्या रात्री अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या डोंगराळ नेल्सन काउंटीत त्याने सुमारे आठ तासांत जवळपास ७०० मिलिमीटर पाऊस ओतला. शंभराहून अधिक माणसे गेली, बरीचशी झोपेतच. म्हणून रात्रपाळीला कमी माणसे ठेवण्याची पद्धत या दोन-तीन रात्रींपुरती उलटी करा. अनुभवी माणूस रात्री बसवा.

तिसरी गोष्ट म्हणजे पाऊस केंद्राभोवती सारखा वाटलेला नसतो. वादळ पुढे जाऊन एखाद्या थंड हवेच्या सीमेला भिडले की उत्तर गोलार्धात पाऊस मार्गाच्या डावीकडे सरकतो. आणि कधी वादळाच्या पुष्कळ पुढे, हजारेक किलोमीटरवर, त्याच्या बाष्पाने दीड दिवस आधीच मुसळधार पाऊस सुरू होतो. लोक त्याला वेगळाच पाऊस समजतात. तोच सगळ्यात घातक, कारण मुख्य पाऊस येण्याआधी जमीन भिजून बसलेली असते आणि ओढे भरलेले असतात. २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या वेळी उत्तर कॅरोलिनाच्या पश्चिमेकडील डोंगरांत हेच झाले. नकाशावर केंद्राची फक्त रेघ ओढून ‘आपल्यापासून दोनशे किलोमीटर लांबून जातेय’ असा निष्कर्ष काढू नका.

रडारच्या आकड्यांबद्दल सावध राहा. रडार पाऊस मोजत नाही. ते परतलेल्या लहरींची ताकद मोजते आणि सूत्राने तिचा पाऊस करते. नेहमीच्या गडगडाटी पावसाचे सूत्र मोठ्या थेंबांवर बेतलेले असते. उष्णकटिबंधीय पावसात थेंब लहान पण अतोनात असतात. रडारवर ४५ डीबीझेड (परतलेल्या लहरींच्या ताकदीचे एकक) दिसत असेल तर नेहमीच्या सूत्राने ताशी २८ मिलिमीटर निघतात, उष्णकटिबंधीय सूत्राने ताशी ५६. अगदी दुप्पट. म्हणून रडार कार्यालयाला फोन करून एवढे विचारा: सध्या कोणते सूत्र लावले आहे? आणि जमिनीवरच्या मापाशी ताडून पाहा. स्वयंचलित पर्जन्यमापके अशाच वेळी दगा देतात. गाळणीत पाने अडकतात, बॅटरी उतरते, मोबाइल टॉवर बंद पडला की नोंद येत नाही. कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस असे कधीच धरू नका. तिथे काहीतरी मोडले आहे असे धरा. पर्याय अगदी साधा आहे. सपाट बुडाचे, सरळ काठांचे कोणतेही भांडे उघड्यावर, भिंतीपासून आणि झाडापासून दूर ठेवायचे, दर तासाला पट्टीने पाण्याची उंची मोजायची, कळवायची आणि भांडे रिकामे करायचे. पाणलोटाच्या वरच्या भागातल्या दहा-बारा जणांना आधीच ठरवून हे काम दिले तर लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा ते वेळेवर सांगतील.

आता त्या मिलिमीटरचे पुढे काय होते ते पाहू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. शंभर चौरस किलोमीटरच्या ओढ्याच्या पाणलोटात सहा तासांत २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन कोटी घनमीटर. जमीन भिजलेली असल्याने त्यातले ७० टक्के वाहून निघाले असे धरा. म्हणजे सहा तासांच्या सरासरीने सेकंदाला सुमारे ६५० घनमीटर, आणि पुराचा माथा त्याहून वर. आता त्या ओढ्यावरच्या पुलाची कमान किती पाणी पोटात घेते ते तुमच्याच कागदपत्रांत बघा. एवढ्या लहान पाणलोटात पाऊस पडल्यापासून पाणी पुलाशी यायला एक ते तीन तास लागतात. नदीची पातळी वाढलेली दिसल्यावर इशारा द्यायचा म्हटले तर वेळ संपलेली असते. मोठ्या नदीसाठी पातळी बघा. ओढ्यांसाठी पावसाचा ताशी दर बघून निर्णय घ्या, आणि तो दर किती झाल्यावर कोणती वस्ती हलवायची हे आजच, उजेडात बसून, प्रत्येक ओढ्यासाठी लिहून ठेवा.

रस्त्यांखालच्या मोऱ्यांकडे सहसा कोणी बघत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे जास्त लिहितो. एक मीटर व्यासाच्या पाइपच्या तोंडाशी एक झाडाचे खोड आडवे अडकते. त्यावर फांद्या, मग गवत, मग प्लास्टिक. अर्ध्या तासात त्याची भिंत होते. रस्त्याचा भराव आता धरणासारखा पाणी अडवतो, पण तो धरण म्हणून बांधलेला नसतो. पाणी रस्त्यावरून जायला लागते, पलीकडच्या उताराची माती पायथ्यापासून कातरत वर येते आणि भराव एकदम सुटतो. खालच्या वस्तीला जो लोंढा बसतो तो पावसाचा नसतो, साठलेल्या तळ्याचा असतो. वादळ येण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येक मोरीची दोन्ही तोंडे साफ करून घ्या आणि काढलेला कचरा काठावर न ठेवता उचलून न्या. काठावर ठेवला तर तोच पहिल्यांदा वाहत येतो. पावसात मोरी तुंबली तर माणसाला पाण्यात उतरवू नका. पाइपच्या तोंडाशी ओढ इतकी असते की पाय आत गेला की माणूस परत येत नाही. लांब दांड्याच्या आकड्याने किंवा यंत्राच्या हाताने जमले तर ठीक, नाहीतर दोन्ही बाजूंनी रस्ता बंद करा आणि खालची वस्ती हलवा.

रस्ता बंद करणे म्हणजे एक दोरी बांधणे नव्हे. पाण्यापासून पुरेसे अलीकडे, जिथे गाडी वळवता येते तिथे, अडथळा आणि माणूस उभा करा. घोट्याच्या वर, सुमारे १५ सेंटीमीटर खोल, वेगाने वाहणारे पाणी मोठ्या माणसाला पाडते. तीस सेंटीमीटरमध्ये लहान मोटारी तरंगू लागतात, साठ सेंटीमीटर पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून ‘सकाळी याच पाण्यातून गेलो होतो’ या म्हणण्याला अर्थ नाही. शिवाय पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही हे वरून दिसत नाही. शहरात तळघरे आणि भुयारी मार्ग यांचा प्रश्न वेगळा आहे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पाडला. शहरात जे तेरा जण दगावले त्यांतले अकरा तळघरातल्या घरांमध्ये होते. बाहेर गुडघाभर पाणी साचले तरी आत उघडणारे दार फुटते आणि बाहेर उघडणारे दार उघडत नाही. तळघरात झोपणाऱ्यांना त्या रात्रीपुरते वर झोपायला सांगणे, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

धरणांवरच्या अभियंत्यांना दोन बाबी सांगायच्या आहेत. दरवाजे असलेल्या मोठ्या धरणांत पाऊस येण्याआधीच जागा करायची असते, आणि ‘पाणी वाया गेले तर?’ या भीतीने ती केली जात नाही. हिशेब असा मांडा: आवक सेकंदाला २,००० घनमीटर, सर्व दरवाजे उघडून जाऊ शकणारा विसर्ग १,५००, तर तासाला १८ लाख घनमीटर पाणी साठत जाईल. त्या पातळीला जलाशयाचे क्षेत्र सहा चौरस किलोमीटर असेल तर पातळी तासाला ३० सेंटीमीटरने चढेल. माथ्यापर्यंत दीड मीटर उरले असेल तर तुमच्या हातात पाच तास आहेत, त्याहून मिनिटभरही जास्त नाही. हा हिशेब दर तासाला ताज्या आकड्यांनी करून फळ्यावर लिहा. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी खालच्या गावांना भोंगा द्या. एकाच नदीला मिळणाऱ्या दोन धरणांचे विसर्ग संगमावर एकाच वेळी पोहोचणार नाहीत, हे प्रवासाचे तास धरून तपासा. प्रत्येक दरवाजा अठ्ठेचाळीस तास आधी प्रत्यक्ष हलवून बघा. वीज गेल्यावर जनरेटर, आणि जनरेटर बंद पडल्यावर हाताने फिरवायचा दांडा, हे दोन्ही चालवून पाहा आणि हाताने एक दरवाजा पूर्ण उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा तासांमध्ये येतो, तेव्हा दरवाजे उघडायचा निर्णय तेवढा आधी घ्यावा लागतो. बानछ्याओच्या वेळी टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या आणि धरणावरून निरोप बाहेर जाणेच कठीण झाले होते. म्हणून बिनतारी संच धरणावर ठेवा, आणि संपर्क पूर्ण तुटला तर कोणत्या पातळीला कोणता दरवाजा उघडायचा याचा सहीचा लेखी आदेश तिथल्या माणसाच्या हाती आधीच द्या.

लहान मातीची तळी आणि बंधारे ही त्याहून मोठी काळजी आहे. त्यांवर रात्री कुणी नसते. पहिल्यांदा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, बघा. पाणी जास्त साठावे म्हणून त्यावर रचलेल्या गोण्या, बसवलेल्या फळ्या, मासे अडवायची जाळी, वाढलेली झुडपे हे सगळे पाऊस येण्याआधी काढा. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो वाचवणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून बांधावर गोण्या रचण्यापेक्षा सांडवा मोकळा करण्यात माणसे घाला. मग बांधाच्या खालच्या पायथ्याने चालत जाऊन पाझर बघा. पाझर असणे वाईट नाही. तो गढूळ असणे वाईट आहे. पारदर्शक बाटलीत पाणी भरा, दहा मिनिटे स्थिर ठेवा आणि तळाशी माती बसते का बघा. बसत असेल तर बांधाच्या आतून माती वाहून पोकळी होत आहे. पायथ्याशी जमिनीतून पाणी बुडबुडत वाळू वर आणत असेल, तर त्यावर चिखल टाकून बुजवू नका. दाबलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्याभोवती वाळूच्या गोण्यांचे कडे करा आणि पाण्याबरोबर माती येणे थांबेपर्यंत कडे उंच करत जा, स्वच्छ पाणी मात्र वाहू द्या. तळ्याच्या बाजूला पाण्यात भोवरा दिसला, माथा खचला किंवा माथ्यावर लांब भेग पडली, तर दुरुस्तीचा विचार सोडा आणि खालची माणसे हलवा.

दरडींचे वेळापत्रक पावसाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. पाणी मातीत झिरपून खडकाच्या वरच्या थरावर साचायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडल्यावर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतार सुटतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा कापलेले उतार सगळ्यात आधी जातात. दारे-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणे, अंगणात चंद्रकोरीसारखी भेग, कललेले खांब, नव्या जागी फुटलेले झरे, ही चिन्हे लोकांना आधी माहीत हवीत. एक चिन्ह तर प्रत्येकाने पाठ करावे: जोराचा पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर वर कुठेतरी दरडीने ओढा अडला आहे. ते बघायला वर जायचे नाही. ओढ्याच्या पात्रापासून बाजूला, आडव्या दिशेने उंचावर जायचे. खालच्या दिशेने पळू नये, लोंढा माणसापेक्षा वेगाने येतो.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. माती ओली झाल्याने पानांनी भरलेली मोठी झाडे ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या झोतांनीही मुळासकट पडतात, म्हणजे ज्या वाऱ्याला पत्रकात ‘कमजोर’ म्हटलेले असते त्यानेच. पडलेल्या तारेपासून किमान दहा मीटर लांब राहायचे, आणि ती पाण्यात पडली असेल तर त्या पाण्यातच जायचे नाही. दुसरे म्हणजे, वादळ जमिनीवर आल्यावर उत्तर गोलार्धात त्याच्या मार्गाच्या उजव्या-पुढच्या भागात लहान, झटपट उठणारी वाऱ्याची चक्रे (टॉर्नेडो) तयार होऊ शकतात; दक्षिण गोलार्धात ती डावीकडे. २००४ मध्ये अमेरिकेत आयव्हन वादळाच्या वेळी तीन दिवसांत अशी शंभराहून जास्त नोंदली गेली. ती पावसाच्या पडद्याआड असतात, दिसत नाहीत. मंडप, पत्र्याची छपरे आणि शिबिरांचे तंबू या दोन-तीन दिवसांत वापरू नका.

इशाऱ्यांच्या भाषेकडे कृपया मनापासून लक्ष द्या. ‘काही ठिकाणी अतिवृष्टीची शक्यता, नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यावर कोणीही घर सोडत नाही, कारण त्यात ना जागा आहे, ना वेळ, ना करायची कृती. त्याऐवजी असे लिहा: ‘ओढ्याच्या पुलाखालची, पात्रापासून पहिल्या दोन ओळींतली घरे आज सायंकाळी पाचच्या आत रिकामी करा. शाळेच्या इमारतीत जा, टेकडीकडच्या रस्त्याने. पुलावरून जाऊ नका. मध्यरात्री ते पहाटे चारच्या दरम्यान ओढा २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर जाण्याची भीती आहे. औषधे, कागदपत्रे, विजेरी आणि एका दिवसाचे पाणी बरोबर घ्या. उद्या सकाळी दहापर्यंत परत येऊ नका.’ वर्ष आणि खूण तुमच्या गावातली घाला. लोकांना मीटर कळत नाहीत, पण पाणी मागच्या वेळी कुणाच्या ओट्याला लागले होते ते पक्के आठवते. हलवण्याचा आदेश अंधार पडण्याआधी किमान तीन तास निघाला पाहिजे. पत्रकात ‘वादळ कमजोर झाले’ हे सांगावेच लागले तर त्याच वाक्यात ‘पाऊस अजून बाकी आहे’ हेही लिहा, वेगळ्या परिच्छेदात नव्हे. बातमीत फक्त पहिला भाग छापून येतो.

पाणी ओसरल्यावरचे मृत्यू टाळण्यासारखे असतात, म्हणून ते जास्त बोचतात. वीज नसल्याने लोक जनरेटर व्हरांड्यात किंवा जिन्याखाली लावतात आणि रात्रीत घरातली माणसे कार्बन मोनॉक्साइडने गुदमरतात. या वायूला वास नसतो. जनरेटर उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, धूर घरापासून उलट दिशेला, असे प्रत्येक पत्रकात छापा. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचली तर वीज उलटी तारांवर जाते आणि खांबावरचा कर्मचारी मरतो. त्यासाठी चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरच्या तारा तोडून मगच जनरेटर जोडणारा स्विच, लागतो. रुग्णालये आणि पाणीपुरवठा केंद्रांनी वीजयंत्रणा तळघरात आहे का ते आजच बघावे. २००१ मध्ये ॲलिसनच्या पुरात टेक्सासमधील ह्यूस्टनमध्ये ती तळघरात असल्यामुळेच रुग्णालये अंधारात गेली. पिण्याच्या पाण्याला उकळी फुटल्यावर ते पूर्ण एक मिनिट उकळू द्या. ते शक्य नसेल तर सुगंध नसलेल्या, पाच-सहा टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावाचे लिटरला दोन थेंब घाला, पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळून चार, आणि अर्धा तास थांबा. नळ लवकर येतील या भरवशावर टँकरचे नियोजन करू नका. हेलीननंतर उत्तर कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहरात मुख्य जलवाहिन्या उखडल्या, तलाव गढूळ झाला आणि नळाला पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले.

शेवटी, कक्ष बंद केव्हा करायचा? पाऊस थांबल्यावर नाही. पाणलोटाच्या वरच्या टोकाला बारा तास पाऊस नाही. प्रत्येक पूरमापकावर सलग तीन नोंदी उतरत्या आहेत. वरच्या धरणांचा विसर्ग आवकेपेक्षा जास्त असून पातळी खाली येते आहे. पुराचा माथा जिल्ह्याच्या शेवटच्या गावातून पुढे गेला आहे, आणि तो मोठ्या नदीत पाऊस संपल्यानंतर दोन-तीन दिवसांनीही येतो. दरडीच्या उतारांखालची माणसे अजून बाहेरच आहेत. हे पाचही मुद्दे एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे वेळ आणि सही घ्या. यांतल्या एका जरी मुद्द्यापुढे सही नसेल तर पुढच्या पाळीची माणसे बोलवा, आणि नदी ज्या जिल्ह्यात जाते तिथल्या कक्षाला फोन करून माथ्याची पातळी आणि वेळ सांगा.

कळावे,
हवामान, जलविज्ञान, धरणसुरक्षा आणि पूरबचाव या कामांत असलेले आम्ही सहकारी